बिळाचा दोष किती

बीड जिल्ह्यात दोन जमिनी एकमेकींना लागून आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी, तिथं खोल काळी माती, कापूस आणि ऊस. दक्षिणेला बालाघाटाचा उंचवटा, तिथं मुरूम, खडक आणि हलक्या जमिनी. बांधांवर बिळं दोन्हीकडे दिसतात. गुणसूत्रं मोजणाऱ्या आमच्या मंडळींत एक मत फार दिवस घर करून आहे: जमिनीखाली राहणारा उंदीर फार हिंडत नाही, त्याच्या लहान लहान वसाहती एकमेकींपासून तुटतात आणि एखाद्या वसाहतीत दोन गुणसूत्रं जोडली गेली, तर तो बदल तिथंच मुरतो. या मतातलं तुटलेपण मला मान्य आहे, पण बिळाला कारण ठरवणं मान्य नाही.

त्यासाठी दख्खनचाच पुरावा घ्यावा. १८३२ मध्ये बेनेट यांनी दख्खनमधून वर्णन केलेला काटेरी केसांचा उंदीर, शास्त्रीय नावानं मुस प्लॅटिथ्रिक्स, खडकाळ माळावर बीळ करतो आणि आत बारीक खडे नेऊन ठेवतो. त्याची गुणसूत्रं २६. त्याचा चिमुकला भाऊबंद मुस बूडुगा शेतातच बीळ करतो, पण त्याची गुणसूत्रं ४०, घरातल्या उंदराइतकीच. म्हणजे बीळ दोघांचं, आकडे मात्र वेगळे. आता आल्प्समधल्या पोशियावो खोऱ्याकडे पाहा. तिथल्या घरच्या उंदरातही आल्फ्रेड ग्रोप यांना १९७० च्या सुमारास २६ च गुणसूत्रं आढळली. आकडा तोच, पण काचपट्टीवरचं चित्र निराळं. पोशियावोत गुणसूत्रबिंदूपाशी जोड होऊन सात जोड्या दोन बाहूंच्या झाल्या आहेत. आपल्या काटेरी उंदराची सगळी गुणसूत्रं एकबाहूच राहिली, कारण ती टोकाला टोक लावून सांधली गेली. हा दुसरा सांधा महागाचा असतो. मिश्र संततीत बीजपेशी बनताना वाटणी बिघडते आणि मोठ्या, मिसळत्या समूहात असा बदल टिकत नाही. तो टिकायला सोयरीक थांबावी लागते, आणि ती माळानं, नदीनं, डोंगरानंही थांबते.

यावर कुणी इस्रायलच्या आंधळ्या भूमिगत उंदराचा दाखला देईल. तो जन्मभर मातीखाली राहतो आणि वारमन, गोइटाइन व नेवो यांनी १९६९ मध्ये त्याच्यात ५२, ५४, ५८ आणि ६० असे चार आकडे नोंदवले. दाखला भक्कम आहे. पण हे आकडे प्रदेशाप्रदेशाला बांधलेले आहेत आणि कोरड्या दक्षिणेकडे ६० सापडतात. मातीखाली तर ते सगळेच राहतात. मग फरक कशानं पडला? उलट आपली घूस पक्की बीळवासी, कणसं तोडून आत साठवणारी, तरी तिचा आकडा ४२. काळा उंदीर मात्र छपरांवर आणि झाडांवर चढणारा, आणि तोसिहिदे योसिदा यांनी दाखवल्याप्रमाणे त्याच्या गोतावळ्यात पूर्व आशियात ४२, श्रीलंकेत ४० आणि दक्षिण भारतात ३८ असे टप्पे आहेत. बिळाचा नियम खरा असता तर हे उलटं दिसायला हवं होतं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: इतकं सगळं मूठभर प्राण्यांच्या काचपट्ट्यांवरून कसं बोलता? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मांडीच्या हाडातली मज्जा, कोल्चिसीन, सौम्य क्षारद्रव, मग मिथेनॉल आणि अॅसिटिक आम्ल, शेवटी गिम्सा रंग, काचपट्टी बनवण्याच्या एवढ्या पायऱ्यांत कुठंही पेशी फुटली की गुणसूत्र हरवतं. शेजारच्या पेशीतलं एखादं वाहून आलं, की एक वाढतं. माणसाची गुणसूत्रं ४८ अशी १९२० च्या दशकापासून छापली जात होती. १९५६ मध्ये त्यियो आणि लेव्हान यांनी ती ४६ मोजली. तेव्हा एका पेशीचा आकडा हा आकडाच नव्हे. पुष्कळ पेशींत पुन्हा पुन्हा येतो तोच धरायचा, आणि त्यासोबत गुणसूत्रांची ठेवण वाचायची, नाहीतर पोशियावो आणि दख्खन एकच वाटू लागतील.

बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. बालाघाटावरचा उंदीर आणि गंगथडीतला उंदीर एकाच बरणीत ठेवू नका. गुणसूत्रांच्या आकड्यापुढे गाव, जमिनीचा पोत, प्राणी नर की मादी आणि किती पेशी मोजल्या, हे लिहा.