मोहरीएवढी पृथ्वी

पुस्तकातल्या चित्रात आठही ग्रह सूर्याला खेटून उभे असतात. पान तेवढंच असतं. पण मुलांच्या मनात तेच अंतर पक्कं बसतं. म्हणून सुट्टीत आम्ही करकंबच्या घरी मापानं सूर्यमाला मांडली. 1 सेंटिमीटर म्हणजे 1 लाख किलोमीटर. सूर्य 14 सेंटिमीटरची पिवळी चकती, गुरू गोटीएवढा, नेपच्यून तुरीचा दाणा आणि पृथ्वी मोहरी.

चकती भिंतीला चिकटवून टेप धरला. पृथ्वी 15 मीटरवर, अंगणाच्या टोकाला गेली. गुरूसाठी 78 मीटर चालावं लागलं, नेपच्यूनसाठी 450.

“अम्मी, ईदचा चाँद कुठंय?” धाकटीनं विचारलं. मोहरीपासून जेमतेम 4 सेंटिमीटरवर रव्याचा कण ठेवला. माणूस आजवर तेवढंच लांब गेलाय.

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा या मापानं 4 हजार किलोमीटरवर येतो. सासूबाई हज करून आलेल्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे मक्का शरीफच्याही पुढं?” नकाशावर मोजलं, खरंच थोडा पुढं. दादीचा तो लांबचा प्रवास मुलींना ठाऊक होता, त्यामुळे आकाश केवढं आहे ते लगेच उमगलं.

तुम्हीही मुलांना घेऊन करून पाहा. मोहरी, गोटी आणि टेप घरात असतोच.