आमटीत कमी काय आहे?

घरच्या जेवणाबद्दल सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘काहीतरी कमी आहे’. ती कानावर पडली की रांधणाऱ्याचा हात थेट मिसळणाच्या डब्याकडे जातो. अजून चमचाभर तिखट, जरा जास्त गरम मसाला, आणि तेवढ्यानं भागेना झालं की वाण्याकडून नवं पाकीट. माझं मत असं आहे की मिळमिळीत स्वयंपाकात मसाला क्वचितच कमी पडलेला असतो. कमी असतं ते मीठ, आंबट किंवा नीट तापलेली फोडणी, आणि त्यातही प्रमाणापेक्षा वेळ चुकलेली असते. मसाला वाढवला की रंग चढतो, जीभ भाजते, पण सपकपणा खाली तसाच राहतो. मग जेवणारा म्हणतो, ‘तिखट आहे, पण चव नाही.’ हे बोलणं रांधणाऱ्याला लागतं खरं, पण ते अचूक असतं.

पडताळा घेणं सोपं आहे. सपक झालेली आमटी तीन वाट्यांत काढावी. एकीत चिमूटभर मीठ, दुसरीत लिंबाचे चार थेंब आणि तिसरीत कढल्यात केलेली चमचाभर ताजी फोडणी घालावी, आणि प्रत्येक वाटीतली आमटी घासभर भाताबरोबर चाखावी. भाताबरोबरच, कारण आपला भात बिनमिठाचा असतो. नुसती चाखताना बरोबर वाटलेली आमटी भातावर घेतली की फिकी पडते. म्हणून पातेल्यातली आमटी नुसती चाखताना किंचित चढीच लागायला हवी. तिन्हींपैकी कुठली तरी एक वाटी एकदम जिवंत लागते, आणि काय कमी होतं ते तिथंच कळतं. बहुतेक घरांत ती दुसरी वाटी निघेल असा माझा अंदाज आहे. मीठ निदान आठवणीनं पडतं. आंबट मात्र कामाच्या घाईत चिंच भिजत घालायलाच विसरल्यामुळे सुटतं. आपल्याकडे तर आंबटाची केवढी श्रीमंती आहे! देशावर चिंच, कोकणात आमसूल, शिवाय ताक, कैरी, आंबट चुका. यातलं काहीही मसाल्याचा वास पुढं आणतं आणि डाळीचा जडपणा मोडतं. फक्त ते डाळ शिजल्यावर घालावं. आधी घातलं तर आंबटामुळे डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो, दाणा तसाच राहतो आणि आमटी मिळून येत नाही.

फोडणीचं कारण वेगळं आहे. मसाल्यांच्या वासाची बरीचशी द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात, आणि उघड्या पातेल्यात उकळणारं पाणी 100 अंशांच्या आसपास अडतं, तर तेल त्याच्या खूप वर जातं. म्हणून उकळत्या आमटीत वरून भुरभुरलेला हिंग उग्र आणि कच्चा लागतो. तोच तेलात फुलला की कांदा-लसणाच्या जवळचा, भूक लावणारा वास देतो. मोहरी पूर्ण तडतडू द्यावी, नाहीतर ती दाताखाली कडवट येते. मग जिरं, हिंग, कढीपत्ता. हळद आणि तिखट सगळ्यांत शेवटी, आच कमी करून किंवा बंद करून, कारण दोन्ही क्षणात करपतात आणि करपलेल्या फोडणीवर पुढं कसलाही उपाय चालत नाही. मिठाचंही असंच आहे. कांदा परतताना आधी घातलं तर ते पाणी सोडवतं आणि कांदा लवकर मऊ होतो. भेंडीत मात्र शेवटी, नाहीतर ती चिकट होऊन बसते. बटाटा मिठाच्या पाण्यात उकडावा. रस्सा झाल्यावर मीठ घातलं तर ते रश्शातच राहतं आणि फोड आतून अळणी लागते. चमचा तोच, मीठही तेवढंच. फरक फक्त वेळेचा.

यावर कुणी म्हणेल, घरात रक्तदाबाचं माणूस आहे, मीठ कसं वाढवणार? हा आक्षेप खरा आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच, आणि त्यात पापड-लोणचंही मोजायचं असतं. पण म्हणूनच तर आंबट आणि फोडणी नेमकी जमायला हवी. ती जमली की कमी मिठाचा पदार्थही फिका वाटत नाही. मसाल्याचा भडिमार केलेला रस्सा उलट मीठही जास्त मागतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: घरातल्या प्रत्येकाची जीभ वेगळी. आजोबांना तिखट सोसत नाही, मुलाला भाजीत कांदा दिसलेला चालत नाही, आणि कुणाला ठेचा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. अशा वेळी सगळ्यांचं मन राखायला पातेल्यात मध्यम तिखट, मध्यम आंबट असं काहीतरी केलं जातं आणि ते कुणालाच आवडत नाही. आपल्या ताटाच्या रचनेत याचं उत्तर कधीचंच आहे. वर मीठ आणि लिंबाची फोड, डाव्या बाजूला चटणी, कोशिंबीर, लोणचं. पातेल्यातला पदार्थ मीठ, आंबट, फोडणी सांभाळून पण तिखटाला सौम्य ठेवावा, आणि ज्याला जे हवं ते त्यानं डावीकडून घ्यावं. जवसाची किंवा कारळ्याची चटणी आठवडाभर टिकते. लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणीही. रविवारी कुटून ठेवली तर रोजचा वेळ वाचतोच, शिवाय त्याच भाजीची चार माणसांसाठी चार रूपं होतात. डावी बाजू ही हौस म्हणून सोडून देणं हीच मला आजच्या घाईच्या स्वयंपाकातली मोठी चूक वाटते, कारण तिच्याशिवाय सगळी जबाबदारी एकट्या भाजीवर येते.

आणि एकट्या रांधणाऱ्यावरही. ‘हाताला चव असते’ असं कौतुकानं म्हणतात, पण त्या बोलण्यात बाकीच्यांची सुटका होते. ज्याला हाताची चव म्हणतात ती पुष्कळ वेळा चाखून, थांबून, पुन्हा चाखून आलेली असते, आणि वाफेपाशी तासभर उभ्या असलेल्या माणसाची जीभ शेवटी बोथट होते. तेव्हा दुसऱ्या जिभेची गरज लागते. नाक मुरडणाऱ्यांपैकी एकाला रोज पानं घ्यायच्या आधी ओट्यापाशी बोलवावं, घासभर भात आणि चमचाभर आमटी द्यावी, आणि एकच प्रश्न विचारावा: मीठ, आंबट की फोडणी? ‘काहीतरी’ हे उत्तर धरायचं नाही.