मुद्देमाल

चोर घरात शिरला. आत त्याला काय दिसलं? मृदंग, दर्दुर, पणव, वीणा, बासऱ्या आणि पोथ्या. नजरेत भरेल अशी चीजवस्तू एकही नाही. शर्विलक नावाचा हा चोर अंधारात उभा राहून विचारात पडतो. हे कुणा नाट्याचार्याचं घर म्हणावं, की माणूस खरंच दरिद्री आहे? की राजाच्या आणि चोराच्या धाकानं यानं सगळं पुरून ठेवलंय? खात्री करायला तो मंतरलेलं बी जमिनीवर टाकून पाहतो. बी काही फुगत नाही. म्हणजे पुरलेलंही काही नाही. आपल्याच अवस्थेतल्या माणसाला कशाला छळायचं, असं म्हणून तो परत फिरायच्या बेतात असतो.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचा हा तिसरा अंक. देवळाली प्रवऱ्यातल्या एका निवृत्त कोर्ट-कारकुनाला तो जवळजवळ तोंडपाठ आहे. नाटकाशी त्याचा धंद्याचा संबंध कधी आला नाही. रंगमंचावर तो चढला नाही, गाणं शिकला नाही. ही गोष्टच त्याच्या मागं लागली, आणि तीही आधी गाण्याच्या रूपानं.

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातलं गाव. नावापुढं ‘प्रवरा’ जोडलं नाही तर पाहुणा थेट नाशिकच्या देवळालीला पोचतो, असं इथं गमतीनं म्हणतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. तिथून सुटलेलं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यात येतं, आणि ऊस त्या पाण्यावर जगतो. आवर्तन सुटलं की पाळी दिवसा येईल की मध्यरात्री, हे शेतकऱ्याच्या हाती नसायचं. कारकुनाचा बाप बारे धरायचा, पोरगा बांधावर कंदील आणि ट्रान्झिस्टर सांभाळत बसायचा. आकाशवाणीवर रात्री नाट्यगीतं लागत. त्यांत देवलांनी केलेल्या संगीत ‘मृच्छकटिका’तलं चंद्रोदयाचं पद हमखास असायचं. पोराला वाटे, हे कुणातरी सुखी माणसाचं गाणं आहे. गाणारा उज्जयिनीचा चारुदत्त कफल्लक झालाय, त्याच्या घरात वसंतसेना या गणिकेचे ठेव म्हणून आलेले दागिने लवकरच चोरीला जाणार आहेत आणि त्यांच्यापायी तो सुळाच्या वाटेला लागणार आहे, याचा त्या तीन-चार मिनिटांत पत्ताही लागत नसे. रेडिओनं पदं जपली, हे खरं. पण गोष्टीतून पद काढून घेतलं की त्यातली धाकधूक मागंच राहते. पहिल्या अंकात चंद्र उगवतो. चोर येतो तो चंद्र मावळल्यावर. हे एकमेकांना जोडून ऐकल्याशिवाय त्या चंद्राची खरी किंमत कळत नाही.

गोविंद बल्लाळ देवल हे हरिपूरचे, जन्म १८५५ सालचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं करून मराठी संगीत नाटकाची वाट मोकळी केली. देवल त्यांच्याच तालमीतले. ‘मृच्छकटिक’ परशुरामतात्या गोडबोल्यांनी आधीच मराठीत आणलं होतं. देवलांनी ते गातं केलं. निवड हुशारीची होती, कारण मूळ नाटकातच संगीत खच्चून भरलेलं आहे. चोरीच्या रात्री चारुदत्त रेभिलाचं गाणं ऐकून उशिरा घरी येतो. वाटेत वीणेचं कौतुक करतो, त्याचा मित्र मैत्रेय कंटाळून जांभया देतो. गाण्याच्या गुंगीतच दोघं झोपी जातात. गाणं उशिरापर्यंत रंगलं नसतं तर झोप इतकी गाढ लागली नसती, हे शूद्रकानं कुठंही बोलून दाखवलेलं नाही.

आता चोराकडं पुन्हा वळू, कारण असा चोर दुसरीकडं मिळायचा नाही. शर्विलक ब्राह्मण आहे, विद्वान आहे, आणि चोरीचंही शास्त्र शिकलेला आहे. भिंतीला भगदाड पाडायचे सात आकार त्याला माहीत आहेत : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ आणि नुसतं ऐसपैस. भिंत पक्क्या विटांची, म्हणून तो पूर्णकुंभ निवडतो. मोजायची दोरी विसरलाय हे लक्षात येतं, तेव्हा जानवं काढून माप घेतो. वर ब्राह्मणाला जानव्याचे किती उपयोग, याचं व्याख्यानही स्वतःलाच देतो! विटा काढता काढता बोटाला साप डसतो. पुन्हा जानवंच कामाला येतं, बोटावर आवळून बांधायला. प्रेक्षक आधी हसतो, मग दचकतो, आणि नकळत चोराच्या बाजूनं होतो. मग शर्विलक भोकातून आधी एक नकली माणूस आत सरकवतो. दार करकरू नये म्हणून पाणी शिंपडतो. झोपलेल्यांचा श्वास आणि पापण्या पारखतो.

हे सगळं तो मदनिकेसाठी करतोय. ती वसंतसेनेची दासी, तिला सोडवायला पैसे हवेत. आपण करतोय ते वाईट आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तो ते स्वतःपासून लपवत नाही.  आणि नेमका तो रिकाम्या हातानं निघत असताना झोपेत बरळणारा मैत्रेय दागिन्यांचं गाठोडं पुढं करतो आणि गायी-ब्राह्मणाची शपथ घालून म्हणतो, घे बाबा एकदाचं हे. ठेव सांभाळायच्या काळजीनं ज्याची झोप उडाली होती, त्यानंच ती चोराच्या हातात ठेवली.

आमच्या नगरकडच्या जुन्या घरांच्या भिंती पांढरीच्या मातीच्या, हात-दीड हात जाड. कारकुनाची आजी सांगायची, “भिंत फोडणारा दार वाजवीत नाही, बाळा. उशाला पाण्याचा तांब्या ठेव, भिंतीतून माती पडली की तांब्या वाजतो.” तांब्या खरंच वाजायचा की नाही, देव जाणे. पण पूर्णकुंभाच्या आकाराचं भगदाड तो पुस्तकात पहिल्यांदा वाचत होता, तेव्हा त्याला आजीच्या उशाचा तांब्या आठवला आणि तो एकटाच हसला.

नोकरी लागली कोर्टात. पुढं टेबल मिळालं मुद्देमालाचं. चोरीचा माल पोलिसांनी पकडला की तो लाखेचं सील, लेबल आणि पंचांच्या सह्या घेऊन इथं येतो. रजिस्टरला नोंद होते. सोन्याला सोनं म्हणायचं नाही, ‘पिवळ्या धातूचे मणी’ असं लिहायचं, कारण कस लावून पाहणं कारकुनाचं काम नव्हे. एखाद्या बाईचं मंगळसूत्र खटला संपेपर्यंत पाकिटात पडून राहायचं. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं की असा माल विनाकारण अडकवून ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि ज्याचा त्याला द्या. त्यानंतर सुपूर्तनाम्यांची कामं वाढली आणि कारकुनाला लोकांचे चेहरे दिसू लागले. पाकीट फोडलं की बायका आधी डाग मोजत नाहीत, नुसता हातात घेऊन पाहतात.

याच टेबलावर त्याला भारतीय दंड संहिता नीट वाचायला मिळाली. १८६० सालच्या त्या कायद्यात घरफोडीची व्याख्या कलम ४४५ मध्ये आहे आणि तिला उदाहरणं जोडलेली आहेत. पहिलंच उदाहरण : क हा य च्या घराच्या भिंतीला भोक पाडतो आणि त्यातून हात आत घालतो. ही घरफोडी झाली. कारकुनानं समासात पेन्सिलनं ‘शर्विलक’ असं लिहून ठेवलं. जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली, कलमांचे आकडे बदलले. घरफोडी आता कलम ३३० मध्ये सापडते.

पण खरा धक्का त्याला नवव्या अंकानं दिला. चोरीचा छडा तर चौथ्या अंकातच लागतो. मदनिका दागिने ओळखते, तिला भोवळ येते, ‘कुणाला मारलं तर नाहीस ना’ हा तिचा पहिला प्रश्न असतो. तिच्याच सल्ल्यानं शर्विलक दागिने चारुदत्ताचा निरोप्या बनून वसंतसेनेला परत देतो. आडून सगळं ऐकलेली वसंतसेना मदनिकेला मुक्त करते. इथं चोरीची फाइल बंद व्हायला हवी. मात्र तेच दागिने पुढं वसंतसेना मायेपोटी चारुदत्ताच्या लेकराच्या, रोहसेनाच्या, मातीच्या गाडीत भरते, कारण पोराला सोन्याची गाडी हवी असते. ते परत करायला निघालेला मैत्रेय वाटेत कोर्टात घुसतो, राजाचा मेहुणा असलेल्या शकाराशी झोंबाझोंबी करतो आणि काखेतून दागिने भर कोर्टात खाली पडतात. वसंतसेनेचा गळा शकारानं स्वतः दाबलेला, आणि आरोप ठेवलाय चारुदत्तावर. चोरानं नेलेले दागिने कुणाचा जीव घेत नाहीत. प्रेमानं दिलेले दागिने पुरावा होतात.

१८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११४ खाली एक उदाहरण होतं : चोरीनंतर लगेच ज्याच्याजवळ चोरीचा माल सापडतो तो चोर असावा किंवा त्यानं जाणूनबुजून तो घेतला असावा, असं न्यायालय मानू शकतं. त्याला खुलासा करता आला तर गोष्ट वेगळी. चारुदत्ताला खुलासा करता येत नाही. वसंतसेनेच्या आईला दागिने दाखवतात. ती म्हणते, तसेच दिसतात, पण ते नव्हेत. लेक गेली असं समजूनही ती याला वाचवू पाहते, ‘फिर्याद माझी, मीच म्हणते याला सोडा’ असं सांगते. न्यायाधीश कारागिरांच्या नकलेचा मुद्दाही काढून पाहतो. आणि चारुदत्त कबूल करतो की दागिने तिचेच. दागिने चोरीला गेले त्या सकाळी त्याला एकच भीती वाटली होती, की गरिबाचं खरं कुणी मानणार नाही. ती इथं खरी ठरते.

कारकुनाला या कोर्टातला सगळ्यात जवळचा माणूस वाटतो तो कायस्थ, म्हणजे लेखनिक. शकार बोलता बोलता ‘मी नाही मारलं’ असं घसरतो. न्यायाधीश म्हणतो, हे आधी लिहून घ्या. लेखनिक लिहितो, आणि राजाचा मेहुणा ते पायानं पुसून टाकतो. लेखनिक काही करू शकत नाही. ही ओळ वाचून कारकून पुस्तक मिटतो, दर वेळी.

एक गोष्ट त्याला फार खटकत आली. शूद्रकाचा चोर वेदशास्त्र शिकलेला आहे. इंग्रजांनी मात्र १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच चोर ठरवल्या, १९११ नंतर तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. १९५२ साली तो रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, त्याला साहित्य अकादमी मिळाली, पण गावात काही हरवलं की पारध्याच्या पालाकडं बोट दाखवायची सवय त्या पुरस्कारानं गेली नाही. शर्विलकाच्या सात आकारांवर विद्वान कौतुकानं लिहितात. पालातल्या पोराच्या हुन्नराला तसं कौतुक मिळाल्याचं त्याच्या वाचनात नाही.

रंगभूमीनं या नाटकातली वसंतसेना उचलून धरली. बालगंधर्वांनी ती भूमिका केली. उंची शालू, दागिने, अत्तर यांवर कंपनी पाण्यासारखा पैसा ओतत होती. पुढं कंपनी कर्जात बुडाली आणि बालगंधर्व प्रयोग करकरून देणं फेडत राहिले. वसंतसेना होऊन गाणारा माणूस आयुष्यभर चारुदत्त होऊन जगला, असं कारकुनाचं मत आहे. ‘वन्समोअर’च्या त्या जमान्यात चोरीची उत्कंठा टिकत कशी असेल, याचंही त्याला कुतूहल आहे. गळा दाबला जाणार आहे आणि लोक पद पुन्हा मागतायत!

याच नाटकावरचा गिरीश कर्नाडांचा ‘उत्सव’ १९८४ साली आला. रेखा वसंतसेना, शेखर सुमन चारुदत्त, निर्माते शशी कपूर स्वतः शकार, आणि चोर शंकर नाग. लता-आशाचं द्वंद्वगीत गाजलं, गीतं वसंत देवांची. कारकुनाला तो सिनेमा फारसा रुचला नाही. शंकर नाग आला की मात्र तो खुर्चीत सावरून बसायचा.

दहावा अंक त्याला आवडतो तो चोरासाठी. सुळाकडं नेताना चांडाळाच्या हातून तलवार निसटते, मेली समजलेली वसंतसेना धावत येते, आणि पाठोपाठ राज्य उलटल्याची बातमी घेऊन येतो शर्विलक. तुझं घर फोडून ठेव नेणारा महापापी मीच, असं सांगून तो चारुदत्ताला शरण जातो. चारुदत्त त्याला मित्र म्हणून जवळ घेतो. मग वाटप सुरू होतं. चारुदत्ताला कुशावतीचं राज्य, वसंतसेनेला वधूपद, तिला वाचवणाऱ्या भिक्षूला सगळ्या विहारांचं प्रमुखपण, गाडीवान स्थावरकाला मुक्ती, शकारालासुद्धा माफी. कारकुनानं हे पान किती बारकाईनं वाचलं असेल! निकालपत्राच्या शेवटी मालाबाबत आदेश असावाच लागतो, नाहीतर फाइल परत येते. कोर्टात पडलेल्या त्या दागिन्यांचा आदेश त्याला कुठं सापडला नाही. ते रोहसेनाकडं गेले, वसंतसेनेकडं, की अजून उज्जयिनीच्या मुद्देमाल खोलीतच आहेत?