विसरलेल्यांचा यजमान

विविध भारतीचं घर मोठं आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. 'चित्रलोक'ला नव्या चित्रपटांची ओढ. 'जयमाला'चं मन सीमेवरच्या जवानांपाशी. 'हवामहल'ला नाटुकल्यांचा नाद, आणि 'छायागीत' रात्री दहाला आवाज खाली आणून मनातलं बोलणार. या घरात पहाटे उठणाऱ्यांपैकी एक म्हणजे 'भूले बिसरे गीत'. भजनांचा 'वंदनवार' आटोपलेला असतो, रागदारी समजावून सांगणारी 'संगीत सरिता' अजून यायची असते. त्या मधल्या वेळात तो येतो, बरोबर सात-आठ गाणी आणतो आणि वेळ झाली की उठतो. थांबण्याचा आग्रह त्याला चालत नाही.

त्याची पहिली ओळख पटते ती खरखरीवरून. त्याची बरीचशी गाणी मुळात लाखेच्या तबकड्यांवर उमटलेली आहेत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावायचं. गाण्याची लांबी गायकाने ठरवली नाही, संगीतकारानेही नाही, ती तबकडीने ठरवली. या तबकड्यांवरून गाणी टेपवर गेली, पुढे संगणकात गेली, पण सुईची ती खरखर सोबत राहिली. 'भूले बिसरे गीत'ला तिचा संकोच वाटत नाही. खरखरीच्या आत जोहराबाई अंबालेवालीचा भरदार आवाज आहे, अमीरबाई कर्नाटकीचं आर्जव आहे, जी. एम. दुर्राणींचा मऊपणा आहे, हे त्याला ठाऊक असतं.

दुसरी ओळख त्याच्या रीतीची. प्रत्येक गाण्याची तो पुरती ओळख करून देतो: चित्रपट कोणता, गायलं कुणी, लिहिलं कुणी, चाल कुणाची. ही रीत वरवर साधी दिसते, पण तिच्यामागे मोठा न्याय आहे. 1949 च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव. गायिका कोण, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे इतकी केली की रेडिओने ध्वनिमुद्रिका कंपनीकडून खरं नाव मिळवलं आणि ते हवेवर सांगितलं. पार्श्वगायकाला नाव मिळवून देण्यात रेडिओच्या निवेदनाचा असा वाटा आहे. निवेदक आज चार नावं सावकाश उच्चारतो तेव्हा तो जुनं देणं फेडत असतो.

मराठी कानांना तर या नावांत आपली माणसं भेटतात. 1947 च्या 'नीलकमल'चं संगीत बी. वासुदेव यांचं, असं सांगितलं जातं. हे बी. वासुदेव म्हणजे आपले स्नेहल भाटकर. गायक म्हणून चितळकर आणि संगीतकार म्हणून सी. रामचंद्र ही दोन्ही नावं पुणतांब्याच्या एकाच माणसाची. 1937 च्या 'दुनिया ना माने'मधली शांता आपटे लागली की तो पुण्याच्या 'प्रभात'चा आवाज असतो, कारण हाच चित्रपट आपण 'कुंकू' म्हणून पाहिला. 'आदमी' आणि 'माणूस' ही अशीच 1939 ची जोडी. लताबाईंना हिंदीत पार्श्वगायनाची पहिली संधी 1947 च्या 'आप की सेवा में'मध्ये मिळाली, तीही दत्ता डावजेकरांच्या चालीवर. निवेदकाने फक्त गाणं लावलं असतं आणि नावं गाळली असती, तर हे धागे कुणाच्याही हाती लागले नसते.

आता त्याच्या उंबरठ्याविषयी. तो आत कुणाला घेतो?

जुनं गाणं म्हणजे अमुक सालाआधीचं गाणं, इतका सोपा हिशेब त्याने कधी केला नाही. मागची सीमा इतिहासानेच आखली आहे. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि हिंदी चित्रपट बोलू-गाऊ लागला. पण 'आलम आरा'ची गाणी तबकडीवर आलीच नाहीत, म्हणून ती वाजवायची म्हटलं तरी वाजवता येत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावरचा नट स्वतःच गायचा. 1935 मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छांव'मध्ये रायचंद बोराल यांच्या संगीतात पार्श्वगायन आणलं आणि गाणारा आणि दिसणारा वेगळे झाले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतले आवाज हे त्याचे जिवाभावाचे पाहुणे: सैगल, पंकज मलिक, कानन देवी, सुरेंद्र, खुर्शीद, पारुल घोष, राजकुमारी, नूरजहाँ.

अलीकडची सीमा मात्र धूसर आहे. 1949 मध्ये 'महल', 'बरसात', 'अंदाज' एकापाठोपाठ आले. लताबाईंच्या पातळ, टोकदार सुराने मापदंडच बदलला आणि जाड, खुल्या गळ्याच्या गायिका पाहता पाहता मागे पडल्या. त्या मागे पडलेल्यांचं घर म्हणजे हा कार्यक्रम. पन्नाशीच्या दशकातलं सर्वतोमुखी गाणं 'सदाबहार नगमे'कडे जातं, तिथे त्याचं स्वागतच होतं. पण त्याच वर्षी न चाललेल्या चित्रपटातलं, तितकंच गोड, आज कुणाच्याही ओठांवर नसलेलं गाणं इथे येतं. दोन्ही गाण्यांचं वय सारखंच, पण एकाला मागणी उरली आणि दुसऱ्याला उरली नाही. 'भूले बिसरे गीत'चा निकष हा आहे. म्हणून काळ पुढे सरकला तशी साठीच्या दशकातली दुर्लक्षित गाणीही त्याने आत घेतली, पण तिशी-चाळिशीच्या दशकांना बाहेर काढलं नाही. आधीच्यांना उठवून नव्यांना जागा द्यायची नाही, हा त्याचा मोठेपणा.

त्याच्या जन्मकुळाची कथाही सांगायला हवी. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आधी आक्रसली, मग काही काळ थांबलीच. श्रोत्यांनी रेडिओची सुई सरळ कोलंबोकडे वळवली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि चित्रपटगीतं घरी परतली. 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूर या आपल्याच तीन शहरांतून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेही या गीतांच्याच लोकप्रियतेच्या बळावर.

सिलोनलाही सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटांच्या संगीताचा अर्धा तास होता. त्याचं शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं असायचं, रोज. सैगल लागला म्हणजे आठला थोडाच अवकाश, हे घरोघर ठाऊक होतं. डबा भरला गेला पाहिजे, चपला शोधल्या पाहिजेत, मुलांची दप्तरं पाठीला लागली पाहिजेत. 'भूले बिसरे गीत'नेही शेवट सैगलने करायची ही परंपरा उचलली आणि निष्ठेने जपली. यातलं धाडस गणित केल्यावर कळतं. सैगल 18 जानेवारी 1947 ला गेले. त्यांची ध्वनिमुद्रित गाणी दोनशेहून कमी. रोज एक लावलं तरी सहा-सात महिन्यांच्या आत फेरी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरीही श्रोता कंटाळला नाही. जो गायक ज्यांच्या जन्माआधी वारला, त्याचा आवाज तीन-तीन पिढ्यांनी ओळखला, तो या रोजच्या पाठामुळे.

खासगी एफएमचा स्वभाव वेगळा. 2001 मध्ये ही केंद्रं भारतात सुरू झाली. स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, म्हणून सारी भिस्त गाण्यांवर आणि निवेदकाच्या बोलण्यावर. पहिली काही वर्षं नव्या गाण्यांची चढाओढ चालली. मग काहींच्या लक्षात आलं की जुन्या गाण्यांनाही मोठा श्रोता आहे, आणि 'रेट्रो' केंद्रं उभी राहिली. त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी नाही. अन्नू कपूर यांच्या 'सुहाना सफर'ने गाण्यांमागच्या गोष्टी नव्या श्रोत्यांपर्यंत नेल्या, हे काम मोलाचंच आहे.

पण या केंद्रांची 'जुनं'ची व्याख्या वेगळ्या ठिकाणाहून येते. ती गाण्याच्या वयावर ठरत नाही, श्रोत्याच्या वयावर ठरते. जाहिरातदाराला ज्या वयाचा ग्राहक हवा, त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली गाणी म्हणजे जुनी गाणी. ही पद्धत जगभर चालते. श्रोत्यांना गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून पसंती विचारतात, ज्याला जास्त पसंती तेच यादीत जातं, आणि काहीशे गाण्यांची ती यादी संगणक आलटून-पालटून फिरवत राहतो. ग्राहकाचं वय तेच राहतं, वर्षं पुढे जातात, म्हणून गाण्यांची चौकटही पुढे सरकते आणि मागचं दशक गळून पडतं. अमेरिकेत जुन्या गाण्यांच्या केंद्रांवरून पन्नाशीच्या दशकातली गाणी अशीच गेली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमने 1972 पासून चालवलेला हा बाज 2005 मध्ये एका दिवसात बंद केला. श्रोते इतके नाराज झाले की दोन वर्षांनी केंद्राला तो परत आणावा लागला, पण परत येताना त्याचा रोख अलीकडच्या दशकांकडे सरकला होता. आपल्याकडेही रेट्रो म्हणजे आता मुख्यतः सत्तरी, ऐंशी आणि नव्वदीची दशकं.

तुकडा ऐकवून पसंती विचारण्याच्या या रीतीत एक अन्याय दडलेला आहे. जे गाणं श्रोत्याने कधी ऐकलंच नाही, त्याला तो पसंती कशी देणार? ओळखीचंच वाजतं, वाजल्याने अधिक ओळखीचं होतं, आणि अनोळखी गाणं कायमचं बाहेर राहतं. 'भूले बिसरे गीत' नेमकं उलट वागतो. निवड ग्रंथालयातल्या माणसाची. एक स्त्रीस्वर, एक पुरुषस्वर, मध्येच द्वंद्वगीत, एका संगीतकारानंतर दुसरा, असं तो पान वाढतो. त्यातली दोन-तीन गाणी ऐकणाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेली असतात. सकाळी दात घासता घासता एखादी अनोळखी चाल कानावर पडावी आणि दिवसभर तिने सोबत करावी, हे सुख मला या कार्यक्रमाने असंख्य वेळा दिलं आहे. मागून ते मिळालं नसतं, कारण जे माहीतच नाही ते मागणार कसं?

आज सगळी गाणी मोबाइलवर असताना याची गरज काय, असं विचारणारे भेटतात. मोबाइलवर शोधायला नाव लागतं. नाव ठाऊक असलेल्यालाच तिथे वाट सापडते. नावं जपण्याचं काम निष्ठावंतांनी केलं आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 1931 पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार 'गीत कोश' सिद्ध केला. मुंबईत 1990 मध्ये तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. पण कोश कपाटात असतो आणि संग्रह संग्राहकाच्या घरात. न मागता लाखो घरांत एकाच वेळी गाणं पोचवणं रेडिओलाच जमतं.

पैशाची सबबही इथे लंगडी पडते. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. तिशी-चाळिशीच्या दशकांतल्या तबकड्यांवरचा तो हक्क केव्हाच संपला. शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा आणि तो काही गाण्यांवर अजून आहे, पण विसरलेलं गाणं गाजलेल्या गाण्यापेक्षा महाग पडतं, असं काही नाही. हवी असते ती निवडणाऱ्या माणसाची चार तासांची मेहनत आणि केंद्रप्रमुखाची अर्ध्या तासापुरती हिंमत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाची परीक्षा त्याने किती आवडती गाणी लावली यावर करू नये. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेली किती गाणी त्याने पोचवली, यावर करावी. या परीक्षेत 'भूले बिसरे गीत' अजूनही पहिला येतो. प्रत्येक रेट्रो केंद्राने दिवसातला अर्धा तास तरी या रीतीने, नावांसकट, चालवून पाहावा.

आणि वाचकहो, आपल्यालाही एक काम आहे. रेडिओला फरमाइश पाठवाल तेव्हा सगळ्यांना पाठ असलेलं गाणं मागू नका, ते वाजणारच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की लहानपणी ऐकलेलं आणि पुन्हा कधीच न लागलेलं गाणं कोणतं. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार, जे जे आठवेल ते लिहून घ्या आणि ते गाणं मागा. ज्यांना आठवतं ती माणसं आज आपल्यात आहेत, तोवर हे विचारून घ्यायला हवं.