नुसता बार

जिमच्या तीन भिंतींना आरसे आहेत आणि चौथीला दार. पहिल्या दिवशी मला चौथी भिंतच तेवढी जवळची वाटली.

सकाळचे सहा. रस्त्यावर अजून दुधाच्या क्रेट्सचा खडखडाट, आत मात्र दिवस केव्हाच तापलेला. लोखंडावर लोखंड आदळल्याचा ठणका, रबरी मॅटचा कोंदट वास, कुणाच्या खांद्यावरून ओघळून पाठीच्या पन्हळीत उतरणारा घाम, आणि या सगळ्याच्या प्रतींवर प्रती, आरशांत आणि आरशांतल्या आरशांत, जिथे नजर टाकावी तिथे कुणीतरी माझ्याहून तरुण, माझ्याहून ताठ, माझ्याहून सरावलेलं. आणि त्या गर्दीच्या कडेला, दोन किलोची गुलाबी डंबेल्स हातात धरून, आपल्याच कुर्त्यात अवघडलेली 46 वर्षांची एक बाई.

ती मी.

शेजारच्या बेंचवर एक मुलगी यायची. जड बार तिच्या छातीपर्यंत श्वासासारखा खाली उतरायचा आणि श्वासासारखाच वर जायचा. मी तिच्या प्लेट्स मोजायची आणि त्या नादात माझे रेप्स विसरायची. घरी चहा गाळतानाही तीच वजाबाकी: तिच्यातून मी. उत्तर रोज ठरलेलं. हळूहळू माझा घामही मला परका वाटू लागला, दुसऱ्याच्या अंगणात सांडलेल्या पाण्यासारखा.

अशाच एका सकाळी, का कोण जाणे, नाकात लाल मातीचा वास दरवळला.

लहानपणी कोल्हापूरला मी आजोबांच्या तालमीच्या खिडकीशी उभी राहायची. मुलींना आत मज्जाव. गजांना नाक लावलं की तेल, हळद, लिंबू, ताक मुरलेल्या मातीचा गार, आंबूस वास छातीभर यायचा. नवं पोरगं तालमीत आलं की वस्ताद त्याला डाव शिकवत नसत. हातात फावडं देत. आधी हौदा उकर. पोरगं दिवसचे दिवस माती उकरायचं, भुसभुशीत करायचं, सारखी करायचं, आणि दुसऱ्या पहाटे ती पुन्हा तुडवलेली, घट्ट. मला त्याची कीव यायची. त्या तालमीत आरसा नव्हता. उमटायचे ते मातीतच, टाचांचे, गुडघ्यांचे, चितपट झालेल्या पाठींचे ठसे. आणि ते सगळेच्या सगळे पहाटेच्या फावड्याखाली मिटून जायचे.

आजोबा खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचे. 1952, हेलसिंकी, कांस्यपदक, हे आम्हा पोरांना तोंडपाठ. पण आजोबा रेंगाळायचे ते चार वर्षं मागे, 1948 च्या लंडनमध्ये. लाल मातीत वाढलेला गोळेश्वरचा गडी, पायाखाली सवयीची नसलेली गादी, आणि नंबर सहावा. 'सहावा' म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. पदकाशी पोचेपर्यंत आम्ही बहुधा झोपलेलो असायचो.

तो मऊपणा मला इतक्या वर्षांनी कळतोय.

आमचे ट्रेनर माझ्या लेकापेक्षा जेमतेम मोठे. एकदा प्लेट्स जागेवर ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः स्नायू वाढल्यामुळे नाही. आधी मेंदू आणि नसा शिकतात, कुठल्या स्नायूला कधी आणि किती जोरानं हाक मारायची ते." मी माझ्या दंडाकडे पाहिलं. होता तसाच होता, मऊ, ओघळलेला. पण कातडीच्या आत, कुणालाही न दिसता, कुणीतरी फावडं चालवत होतं.

आरशाला ते कसं दिसावं?

मग ती मुलगीही एकदा पाणी पिता पिता बोलली. तिला इथे यायला लागून सहा वर्षं झालीत. "आणि काकू, पहिले दोन महिने मी फक्त ट्रेडमिलवर चालायचे."

"का गं?"

"ती दाराजवळ होती ना."

दोघी हसलो. तिच्या सहा वर्षांतून माझे तीन महिने वजा करत बसले होते मी. तिचे ते दोन महिने हिशेबात धरलेच नव्हते.

काल ट्रेनर म्हणाले, "आज नुसता बार घ्या." मी बेंचवर आडवी झाले. तळहातांना लोखंडाची गार खरखर, कानांत स्वतःचाच श्वास. आणि आडवं झाल्यावर लक्षात आलं की इथून आरसे दिसतच नाहीत, दिसतं फक्त छत आणि सावकाश फिरणारा पंखा. नुसता बार 20 किलोचा. त्या मुलीला 20 चा आणि मलाही 20 चाच. तीनदा वर गेला. चौथ्यांदा ट्रेनरनी दोन बोटं लावली.

हौद्याचा एक कोपरा उकरून झालाय.