धावड्याचा निखारा, सालईचा धूर

विदर्भ म्हटला की बाहेरच्या माणसाला नुसत्या नावानेच घाम फुटतो. त्याला एकदा पौषातल्या पहाटे पवनीला नाहीतर लाखांदूरला वैनगंगेच्या काठी उभा करावा. धान कापून बांध्या मोकळ्या झालेल्या असतात, गावाला लागून तलाव असतो, आणि त्या पाण्यावरून येणारा गारठा हाडापर्यंत शिरतो. शेजारच्या गोंदियाचं नाव तर त्या दिवसांत विदर्भातल्या सर्वांत थंड गावांमध्ये हमखास झळकतं. या थंडीपुढे आमच्या पिढीजवळ दोनच उपाय होते, आजीच्या हातची गोधडी आणि सांदवाडीत रचलेलं सरपण.

झाडांची नावं आम्ही शाळेत पाठ केली असतील, पण झाडं ओळखायला शिकलो ती चुलीपाशी. धावडा, येन, बाभूळ, बोर ही जड मंडळी. सालई, मोवई, पांगारा, काटेसावर ही हलकी. हलकं लाकूड चटकन पेटायचं आणि तितक्याच चटकन संपायचं. जड लाकूड पेटताना रडवायचं, पण एकदा धरलं की रात्र काढायचं. म्हणून आधी बांधावरच्या तुरीच्या तुऱ्हाट्या, त्यावर पळसाच्या काटक्या आणि ज्वाळ उभी राहिली की मगच धावड्याचा फाटा. न्हाणीतल्या गुंडाखाली सालई चालायची, कारण पाणी तपलं की काम संपलं. गोरसीत, म्हणजे खोलीत ठेवायच्या शेगडीत, मात्र धावड्याचे किंवा बाभळीचेच निखारे. बाळंतिणीच्या बाजेखाली सालईची आग कुणी चुकून ठेवली असती तर त्याचा उद्धार साऱ्या आळीने ऐकला असता. सालईत डिंक असतो. ती तडतडते, ठिणग्या उडवते आणि धुराने घर भरते. सागाला हात लावायची तर सोयच नव्हती. सुताराकडून त्याचे छिलपे मिळाले तरी पेटवणासाठी ते जपून ठेवायचे.

आता भिंतीवरचं बटण दाबलं की दहा मिनिटांत पाणी तपतं, आणि ती वीज कुठल्या कोळशाची, हे विचारावं असं कुणाच्या मनातही येत नाही. तिकडे चौकातल्या शेकोटीत मिळेल ते जळतं. निलगिरी, सुबाभूळ, जुन्या दाराची फळी, कारखान्यातून आलेल्या पॅकिंगच्या पेट्या. त्या पेट्या बहुधा पाइनच्या. हिमालयात आणि सातासमुद्रापार लोक ज्या लाकडाला मऊ म्हणून नाकं मुरडतात, ते आमच्याकडे आलं तेही खिळ्यांसकट.

लाकूड विकत घेणं हा तेव्हा घरातला मोठा व्यवहार होता. पावसाळ्याआधी बंडी दाराशी यायची आणि आजोबा बंडीभोवती एक फेरी मारायचे. दोन फाटे उचलून एकमेकांवर आपटायचे. खणकन वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर ओलं. मग टोकाकडची चीर बघायची. टोकाला भेगा नसतील तर झाड परवाच पाडलेलं. तरीही एखादा ओला फाटा घरात यायचाच आणि तो चुलीत गेला की मागच्या टोकाने फेस काढत, सूं सूं करत सगळ्यांचा अंत पाहायचा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, आणि ते पाणी उकळून हाकलण्यातच आगीची बरीच ताकद खर्ची पडते. बंडीच्या मापाने घ्यायचं तर जड लाकूड घ्यावं आणि टालीवर वजनाने घ्यायचं तर सुकं घ्यावं, एवढा हिशेब ज्याला कळत नसे, त्याला घरात कुणी खरेदीला पाठवत नसे.

आज या हिशेबाला विज्ञानाचाही दुजोरा आहे. किलोला किलो, सुक्याला सुकं लावलं तर धावडा आणि सावर यांच्या उष्णतेत फारसा फरक नाही. पण सारख्या मापाच्या ओंडक्यात सावरीच्या दुपटीहून जास्त वजन धावड्यात भरतं. आजोबांचं म्हणणं बरोबर निघालं, पण तोवर ते ऐकून वागायची गरज कुणालाच उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे विस्तव मागायला जाणं. रात्री शेवटचा निखारा राखेत झाकायचा, पहाटे राख सारून फुंकणीने जागा करायचा. आपला विझला असेल तर खापराचा तुकडा घेऊन शेजारी जायचं, निखारा आणायचा आणि सोबत सगळ्या गावाच्या बातम्याही. तिन्हीसांजेला मात्र विस्तव मिळायचा नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणे. आता लायटर प्रत्येकाच्या घरात आहे आणि शेजारी कोण राहतं हे नावाच्या पाटीवरून कळतं.

इथवर आलं की आमच्या पिढीचा गळा दाटून येतो आणि नेमका इथेच आमच्यावर फार विश्वास ठेवू नये. शेकोटीपाशी बसून आम्ही उबेचं कौतुक केलं. पहाटे चारला उठून ती पेटवली दुसऱ्याच कुणीतरी. पाय आमचे शेकले, डोळे आईचे लाल झाले. मोळी डोक्यावर घेऊन मैल न् मैल चालणाऱ्या बाईला धावडा आणि सालई यांत निवड नव्हती; वनरक्षकाची नजर चुकवून जे हाती लागेल ते लाकूड चांगलं. सरपणाला गेलेल्या बाईवर वाघाने झडप घातल्याची बातमी पूर्व विदर्भात अजूनही येते.

मालगुजारी असताना आणि १९५१ मध्ये ती गेल्यावरही निस्तारात गावाला जळाऊ लाकडाचा हक्क होता. गावाजवळची झुडपी जंगलं गुरांना चारा द्यायची आणि घरांना काटक्या. हळूहळू त्यांवर शाळा झाल्या, घरं झाली, शेतं झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे जंगलच, असा निकाल दिला. तोवर तिथल्या काटक्यांकडे आमचं लक्ष उरलंच नव्हतं. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पाठोपाठ आमच्या गावांतही लाल सिलिंडर पोहोचलं. भरून आणायला पैसे नसले की ते कोपऱ्यात बसून राहतं आणि मागच्या अंगणातली चूल पुन्हा धुमसते. म्हणजे 'गेली ती चूल' हा शोकही पुरा खरा नाही. ज्यांची गेली तेच गळा काढतात, ज्यांची गेली नाही ते खोकतात.

आणि गोरसी परत आणावी म्हटलं तरी घर कुठे तसं राहिलंय? जुनं घर कवेलूचं, फटीफटीतून थंडी आत यायची आणि धूर बाहेर जायचा. नवं घर स्लॅबचं, खिडक्या गच्च बंद. अशा खोलीत निखारे ठेवून झोपलं तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. जी गोरसी बाळंतिणीला ऊब द्यायची, ती आता फ्लॅटमध्ये ठेवणं म्हणजे यमाला निमंत्रण.

हल्ली नागझिऱ्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टात रात्री पाहुण्यांसाठी शेकोटी लावतात. आम्ही लगेच पुढे होतो. हे काय ओलं सुबाभूळ लावलंय, तुऱ्हाट्या नाहीत का, आधी बारीक लाव, असं त्या पोराला शिकवतो. तो हो हो म्हणतो आणि बाटलीतलं डिझेल ओततो. भडका उडतो, टाळ्या पडतात, मोबाइल निघतात. घरी येऊन हे आईला तिखटमीठ लावून सांगावं, तर तिला त्यात काहीच वावगं वाटत नाही. तेव्हा डिझेल परवडलं असतं तर तिनेही ओतलं असतं म्हणते. जाता जाता विचारलं की यंदा थंडीत अंगणात चूल मांडू या का, धावडा बरा की बाभूळ, तर उत्तर तयार असतं. धावडाच बरा. पण आणायचा तू, फोडायचा तू आणि पहाटे उठायचंही तूच.