तीस वाड्यांचं ऋण

१९९६ च्या जूनमध्ये गोव्यातल्या चोडण बेटावरच्या शाळेत चौथीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला. फळ्यावर मी नुकतीच तालुक्यांची नावं लिहिली होती. बारदेस म्हणजे बारा देस, सासष्टी म्हणजे सहासष्ट गावं, तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, असं सांगून पुढे जाणार तोच तो म्हणाला, "टीचर, तिसवाडी म्हळ्यार तीस वाडे न्हय? मगीर ते तीस खंयचे?"

मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं. ते "उद्या" यायला अडीच वर्षं लागली, आणि त्या अडीच वर्षांत ज्यांनी ज्यांनी मला हात दिला त्यांच्याविषयी हे लिहिते आहे.

माझं माहेर आजऱ्याचं. लग्नानंतर गोव्यात आले तेव्हा मनात एक हिशेब होता. आमचा एकटा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा, आणि हे अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. म्हणजे निम्म्याहूनही लहान. एवढ्याशा राज्याची माहिती गोळा करायला कितीसा वेळ लागणार? राज्य जितकं लहान तितकी त्याची माहिती मिळवणं कठीण, हे मला त्यानंतर कळलं. पणजीच्या दुकानांत गोव्याचे नकाशे भरपूर होते, पण त्यांत किनारे होते, हॉटेलं होती, चर्चेस होती. आमचं बेट त्यांत एक हिरवा ठिपका होता आणि त्याला टेकलेली फेरीबोटीची तुटक रेघ. एका सरकारी कचेरीत गावांची जुनी यादी मागायला गेले, तर "कशाला पाहिजे?" इतकंच विचारलं गेलं. तीनदा गेले, तीनदा तोच प्रश्न. १९७९ चं गॅझेटियर होतं, पण ते इंग्रजीत, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना उपयोगी पडेल असं त्यात हाताशी काही लागेना.

पहिलं ऋण पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतल्या एका बाईंचं. तेव्हा ही लायब्ररी मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होती. आत शिरताच भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची मोठी चित्रं दिसतात, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांची. रायबंदरला फेरीतून उतरून, सतराव्या शतकात दलदलीवर बांधलेल्या लांबलचक बांधाच्या रस्त्याने बसमधून मी शनिवारी दुपारी तिथे पोचायची. तिसऱ्या शनिवारी त्या बाई टेबलामागून उठून माझ्याजवळ आल्या. "बाये, तुका कितें जाय तें सारकें सांग," म्हणाल्या. मी मुलाचा प्रश्न सांगितला. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या आणि बा. द. सातोस्करांच्या 'गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती'चे खंड घेऊन आल्या. म्हणाल्या, "हांगासून सुरू कर. मगीर पुडें पळोवया."

सातोस्कर स्वतः ग्रंथालयशास्त्र शिकलेले होते. पुढे दैनिक गोमन्तकचे पहिले संपादक झाले. त्यांच्या खंडांत नद्या, झाडं, जाती, देवस्थानं, बोली, सण असं सगळं एकत्र बांधलेलं आहे. एका माणसाने आपल्या लहानशा भूमीसाठी किती श्रम घ्यावेत! त्या खंडांवरून मी शाळेची पहिली वही केली. नंतर बाईंनीच मला वि. स. पिसुर्लेकर नव्हे तर पां. स. पिसुर्लेकर असं नाव नीट लिहायला शिकवलं, त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' दाखवला आणि ज्या दप्तरखान्यातून तो ग्रंथ उभा राहिला त्याचीही ओळख करून दिली. गोव्याचं ते दप्तर १५९५ मध्ये सुरू झालं. पहिला दप्तरदार इतिहासकार दियोगु दु कोतु. पावसाळी वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांतून लिस्बनशी जो पत्रव्यवहार व्हायचा त्याचे खंड तिथे अजून आहेत, आणि वाऱ्याच्या नावावरूनच ते ओळखले जातात. बाईंनी माझ्यासाठी नियमाबाहेर काही केलं नाही. फक्त मला परत पाठवलं नाही. कचेरीतले ते तीन हेलपाटे आठवले की या साध्या गोष्टीची किंमत कळते.

पण तीस वाड्यांचं उत्तर मराठी पुस्तकांत पुरतं मिळेना. पायऱ्या उतरत उतरत मी जिथे पोचले तिथे भाषा पोर्तुगीज होती. लहान राज्याची हीच अडचण असते. आमच्या गोव्याची आठवण एका भाषेत नाही. जमिनीचे जुने हिशेब गोंयकानडी लिपीत, देवस्थानांचे कागद मोडीत, राज्यकारभार पोर्तुगीजमध्ये, पुराणं मराठीत, आणि घरातलं बोलणं कोंकणीत. त्यातली कोंकणी कुणाची देवनागरीत, कुणाची रोमीत. एका माणसाला सगळं येणं शक्यच नाही. म्हणून इथे कुणाकडे तरी जाऊन बसावंच लागतं.

दुसरं ऋण मी ज्यांच्याकडे जाऊन बसले त्यांचं. ते आमच्याच वाड्यावरचे. पोर्तुगीज काळात कोर्टात दुभाषी होते, मी भेटले तेव्हा सत्तरी ओलांडलेली. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणू लागले. ते संध्याकाळी घरापुढच्या बाल्कांवात बसलेले असत. पायरी चढून मी माझं काम सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "टीचर, मी तुका पुर्तुगेज वाचून दाखयतां. तूं म्हाका देवनागरी शिकय."

आयुष्यभर ते कोंकणी बोलले होते, पण वाचली होती रोमी लिपीत. बसची पाटी, दुकानाचं नाव, शेजाऱ्याच्या लग्नाची पत्रिका त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. तसा आमचा करार झाला. मी वर्गातली पाटी त्यांच्याकडे नेऊन ठेवली. अ, आ, इ, ई. त्यांचा हात इतकी वर्षं तिरक्या पोर्तुगीज वळणाचा, त्यामुळे 'ळ' काही केल्या बसेना. पाटी पुसून पुसून ते परत काढत. एका संध्याकाळी तो बसला तेव्हा त्यांनी आतून घरच्यांना हाक मारून दाखवला.

मी लायब्ररीतून 'आर्किव्हु पोर्तुगेझ ओरिएंताल'मधल्या पानांच्या प्रती करून आणल्या. कुन्हा रिव्हारा नावाचा विद्वान १८५५ मध्ये सरकारचा सेक्रेटरी म्हणून गोव्यात आला आणि त्याने जुने कागद छापून काढण्याचं हे काम हाती घेतलं. त्यात १५२६ चा फोराल आहे. गावकऱ्यांचे हक्क आणि रिवाज महसूल अधिकारी अफोंसु मेशिय याने लिहवून घेतले, तो दस्तऐवज. अंकलनी चष्मा पुसला आणि एकेक वाक्य वाचून कोंकणीत सांगू लागले. मी मराठीत उतरवत गेले. पूर्वी कधीतरी चार माणसं एका पडीक बेटावर आली, त्यांनी ती जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली, आणि तेच गावकार झाले, अशी त्याची सुरुवात. पुढे तिसवाडीतली आठ प्रमुख गावं येतात. नेवरा, करमळी, आजोशी ही नावं अंकलनी वाचली तेव्हा मी लिहायची थांबले. आजोशीचा बोर्ड मी बसमधून पाहिला होता. जे नाव पाटीवर नुसतं पाहून पुढे गेले होते ते पावणेपाचशे वर्षांपूर्वी शाईने लिहिलं गेलं होतं. त्याच वर्षी केळशीच्या कृष्णदास शामाने आपली श्रीकृष्णचरित्रकथा मराठी ओव्यांत रचायला घेतली, हे मला पुढे कळलं. आज पणजीतल्या पाटोवरच्या नव्या इमारतीत गेलेल्या त्या लायब्ररीला त्याचंच नाव आहे.

देवनागरी पुरती आल्यावर अंकलनी काय वाचावं, हा प्रश्न होता. मी त्यांना क्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती आणून दिली, १९९६ ची, फादर कारिदाद द्रागो यांनी काढलेली. स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्रीने मराठीत रचलेलं पुराण, जवळजवळ अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला रोमी अक्षरांत छापलेलं. त्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही. अंकल बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचत. एका ओवीपाशी थांबले आणि पुढची ओळ पुस्तकात न बघता म्हणाले. त्यांच्या आजीच्या तोंडी ती होती. आपण लहानपणी जे ऐकलं ते पुस्तकात आहे, हे त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी समजलं. त्या दिवशी आम्ही फोराल वाचला नाही.

तिसरं ऋण मानशीवरच्या काकांचं. त्यांचं नाव वहीत आहे, इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. अंकलच्या कागदांत 'खाजन' शब्द सारखा येई. मला खाजन म्हणजे खाडीकाठची शेती एवढंच माहीत. काका म्हणाले, पोरांना घेऊन ये. भरतीच्या वेळेला ये, ओहोटीपर्यंत थांब.

चाळीस मुलं घेऊन मी बांधावर गेले. खाडीच्या बाजूला खारफुटी, मधे मातीचा, गवताचा, चिऱ्याचा बांध, आत भाताचे कुणगे. बांधात एका जागी मानस. चिऱ्यांच्या खांबांत बसवलेली लाकडाची जाड दारं. त्यांना कडी नाही, कुलूप नाही, उघडायला माणूसही लागत नाही. भरती चढू लागली तसं बाहेरचं पाणी दारांवर दाबू लागलं आणि ती हळूहळू मिटली. आतली शेतं कोरडी राहिली. काकांनी मुलांना दारावर तळहात टेकवायला लावला. पलीकडच्या पाण्याचा थरथराट हाताला लागत होता. मग आम्ही बांधावर बसून डबे खाल्ले. ओहोटी लागली, आतलं साठलेलं पाणी भरून आलं, आणि त्याच्याच जोराने दारं बाहेरच्या अंगाला उघडली. मुलं एकदम उठून उभी राहिली. काका म्हणाले, "पळे, दर्यान आपणेंच दार लायलें, आपणेंच उगडलें."

मग त्यांनी सांगितलं. पावसाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन जातं, म्हणून पेरणी पावसात. खाऱ्या जमिनीला कोरगूट भात, ते मीठ सोसतं. मानशीत जाळं लावायचा हक्क दरवर्षी पावणीला निघतो. जो बोली जिंकेल त्याची सुंगटं. बांधाला खेकड्याने बीळ पाडलं तर त्याच दिवशी बुजवायचं, कारण रात्रीच्या भरतीला त्या बिळाची खिंड होते आणि एकदा खारं पाणी आत घुसलं की सबंध गावाची शेती जाते. म्हणून बांध एकट्याचा नसतो, गावकीचा असतो. फोरालमध्ये जे कलमांत वाचलं होतं ते मला त्या दुपारी डोळ्यांनी दिसलं. काकांना अक्षरओळख नव्हती. पण मोरड, केर, खाजन असे जमिनीचे प्रकार, प्रत्येक कुणग्याचं नाव, तो कुणाच्या आज्याने लावला, सगळं तोंडपाठ. मुलांनी लिहून घेतलं. त्या वहीची पानं अजून चिखलाने पिवळी आहेत.

आता एक दुःखाची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरात माळ्यावर कागदांचं मोठं गाठोडं होतं, लाल फडक्यात बांधलेलं. घरातल्या आजी असताना मी ते लांबून पाहिलं होतं. वरच्या कागदावर अक्षर तिरकं, शाई तपकिरी झालेली. आजी म्हणाल्या, पावसाळा सरला की काढू. त्या भाद्रपदात गेल्या. मी दिवाळीनंतर गेले तेव्हा माळा झाडून झाला होता. "कोणाक वाचूंक येना, वाळय लागिल्ली," असं मला सांगितलं गेलं. गाठोडं बारावं झाल्यावर परसात जाळलं होतं. मी त्या घराला दोष देत नाही. वाचता न येणारा कागद घरात ओझंच होतो. पण त्यात काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही, आणि मी दोन महिने आधी गेले असते तर कळलं असतं. ही बोच गेलेली नाही.

मुलाला उत्तर मिळालं, पण त्याने मागितलं होतं तसं नव्हे. मी त्याला आठ गावं सांगितली आणि उरलेली शोधायला वर्गालाच घरी पाठवलं. आजीला विचारा, तारीवरच्या माणसाला विचारा, पाद्रीला विचारा, भटजींना विचारा. महिन्याभरात तक्त्यावर नावं भरली. यादी तीसवर थांबली नाही. दोन गटांत वाद झाले, एक वाडा गाव धरायचा की नाही यावर भांडणही झालं. तो तक्ता मी अंकलना नेऊन दाखवला. त्यांनी सगळी नावं स्वतः वाचली. देवनागरीत.

अंकल २००४ मध्ये गेले. त्यांच्या घरच्यांनी मला पाटी परत दिली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, नीट पुसलेली होती. काका त्यानंतर चार वर्षांनी गेले. लायब्ररीतल्या बाई निवृत्त झाल्या, पुढे त्यांचा ठावठिकाणा मला लागला नाही. त्या कुठे असतील तिथून हे वाचतील, अशी आशा आहे. तो मुलगा आज स्वतः शिक्षक आहे, आणि दर जूनमध्ये चिखलाची ती वही माझ्याकडून नेतो.

गोव्यात असाल, किंवा गोव्यातून मुंबईला, पुण्याला, बेळगावला गेलेल्यांपैकी असाल, आणि तुमच्या माळ्यावर, पेटाऱ्यात, देवघराच्या फळीवर न वाचता येणारं एखादं गाठोडं असेल, तर ते जाळू नका, रद्दीत घालू नका. पणजीच्या पुराभिलेख खात्यात न्या, किंवा पाटोवरच्या लायब्ररीत नेऊन कुणाला तरी दाखवा. आणि घरात शेतांची नावं माहीत असलेलं कुणी असेल, तर पावसाळा सरायची वाट न बघता आजच त्यांच्यापाशी वही घेऊन बसा.